आधी जतन, मग आवराआवर



परवा संध्याकाळची जेवणं उजेडातच आटोपली होती आणि मी ओटा पुसत होते. तेवढ्यात धाकट्या मावसबहिणीचा फोन आला.

"ताई, आमचा जुना कॉम्प्युटर फार रेंगाळतोय गं. ह्यांनी डिफ्रॅग लावलाय, पण दोन दिवस झाले, तो एकाच आकड्यावर येऊन अडतोय. पुन्हा लावला की पुन्हा तिथंच. काय करू?"

मी विचारलं, "आत काय काय आहे?"

"लेकीच्या लहानपणीचे सगळे फोटो."

"दुसरीकडे कुठे आहेत?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "नाहीत."

"मग आत्ताच्या आत्ता तो डिफ्रॅग थांबव. कॉम्प्युटर चालू राहू दे, पण डिफ्रॅग थांबव. आणि आधी फोटो बाहेर काढ."

तिला वाटलं असेल, ताई उगीच घाबरवते. पण हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगते.

आमच्या घरी 2005 साली कॉम्प्युटर आला. विंडोज एक्सपी, 256 एमबी रॅम आणि 40 जीबीची हार्ड डिस्क. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केलेले, प्रत्येकी साधारण साडेअठरा जीबीचे. घेतला होता मुलांसाठी, पण त्याच्यावर सगळ्यात जास्त बसले ते माझे सासरे, आण्णा. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सत्तरीत मराठी टायपिंग शिकले आणि मग रोज सकाळी पूजा आटोपली की तास-दीड तास लिहीत बसायचे. गावातल्या विहिरींची नावं, कोणत्या शेताला काय म्हणत, 2005 च्या पुरात कुणाच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं, असं सगळं.

त्यातच एक फोल्डर होतं, 'आक्का' नावाचं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. शेवटच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, दिवसभर कॉटवर असायच्या. आण्णांनी कॉम्प्युटरच त्यांच्या खोलीत हलवला. त्या सांगायच्या, आण्णा टाइप करायचे. भाजणीची मापं, सांडग्यांचे प्रकार, बाळंतिणीचे लाडू, आणि त्यांना येत असलेल्या जात्यावरच्या ओव्या. प्रत्येक ओवीला आण्णांनी क्रमांक दिला होता. एरवी आण्णा आधी वहीत लिहून मग टाइप करायचे. पण आक्का गाता गाता थांबत नसत, म्हणून ओव्या त्यांनी थेट कॉम्प्युटरवरच उतरवल्या. एकूण 62. आक्का 2010 साली गेल्या.

2012 च्या पावसाळ्यात कॉम्प्युटर अगदीच मंदावला. बटण दाबून मी कुकर लावून यायची, तरी पडद्यावर चिन्हं उमटलेली नसत. मुलगा म्हणाला, "आई, डिफ्रॅग कर. फाइली विस्कटल्यात."

विस्कटल्यात म्हणजे काय, ते मी त्याच्याकडून समजून घेतलं. आपण फाइल साठवतो तेव्हा कॉम्प्युटर तिला डिस्कवर मोकळी जागा शोधतो. सलग जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तुकडे करून जिथं सापडेल तिथं ठेवतो. भाजणीचं साहित्य एका फळीवर न ठेवता बाजरी माळ्यावर, हरभराडाळ ओट्याखाली, धणे देवघराशेजारच्या कपाटात असं ठेवलं तर भाजणी बिघडत नाही, पण गोळा करायला फेऱ्या माराव्या लागतात. डिस्कच्या आत गोल फिरणारी तबकडी असते आणि तिच्यावरून सरकणारी वाचणारी सुई. या फेऱ्या तिला माराव्या लागतात. डिफ्रॅग म्हणजे प्रत्येक तुकडा वाचायचा, उचलायचा आणि आपल्या भावंडांशेजारी नेऊन ठेवायचा.

मला हे फार आवडलं. माळा आवरण्यासारखंच काम, आणि तेही बसल्या जागी.

स्टार्ट, ॲक्सेसरीज, सिस्टिम टूल्स, डिस्क डिफ्रॅगमेंटर. आधी 'ॲनलाइझ' दाबलं. रंगीत पट्टी उमटली. लाल म्हणजे विखुरलेल्या फाइली, निळ्या म्हणजे सलग, हिरव्या म्हणजे ज्या हलवता येत नाहीत अशा, पांढरी म्हणजे मोकळी जागा. आमची पट्टी दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी दिसत होती, आणि पांढरं तर शोधावंच लागत होतं.

पहिली अडचण तिथंच आली. या कामाला निदान 15 टक्के जागा मोकळी लागते. बरोबरच आहे, फळ्या लावायच्या तर डबे खाली उतरवून ठेवायला जमीन हवी. सी भागात आमच्याकडे जेमतेम दीड जीबी होती, हवी होती पावणेतीनच्या आसपास. मग दुपारभर आवराआवर केली. रीसायकल बिन रिकामी केली. डिस्क क्लीनअप चालवून तात्पुरत्या फाइली काढल्या. सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या नोंदी बरीच जागा धरून बसतात, त्यातली सगळ्यात अलीकडची ठेवून बाकीच्या पुसल्या. दिरांच्या लग्नाचा व्हिडिओ डी मध्ये हलवला. तीन जीबीच्या वर जागा झाली. एकच गोष्ट किती ठिकाणी तिहेरी-चौहेरी साठवून ठेवली होती ते बघून माझी मलाच लाज वाटली. कपाटातल्या साड्यांवर आपण परिग्रहाचा विचार करतो, इथं कुणी बघत नाही म्हणून चालून जातं.

दुसरी अडचण आली. डिफ्रॅग सुरू करायला गेले तर सूचना: या भागाची तपासणी करायची राहिली आहे, आधी चेकडिस्क चालवा.

ही तपासणी मला ओळखीची होती. कित्येक महिने कॉम्प्युटर सुरू करताना निळा पडदा यायचा. डिस्क तपासायची आहे, टाळायची असेल तर दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबा. आणि मी दर वेळी बटण दाबायची! घाईत असायची. त्या वर्षांत लोडशेडिंग रोजचंच, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. वीज गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा. मला वाटायचं, त्याचीच ही कुरकुर असेल. पाणी न गाळता चुलीवर ठेवायला माझा हात कधी धजला नसता, मग कितीही घाई असो. इथं मात्र रोज 'राहू दे' म्हणत होते.

त्या दिवशी बटण न दाबता तपासणी होऊ दिली. ती झाली आणि डिफ्रॅग एकदाचा सुरू झाला. मी खुशीत स्वयंपाकाला लागले.

तासाभरानं बघितलं तर 24 टक्के. दोन तासांनी बघितलं, 24 टक्के. रात्री थांबवलं.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या सांगण्यावरून स्क्रीनसेव्हर बंद केला, अँटिव्हायरस बंद केला, इंटरनेटची वायर काढली. आवराआवर चालू असताना मधे दुसरा कुणी लुडबुडायला नको म्हणून. विंडोज 98 च्या दिवसांत तर कुणीतरी डिस्कवर जरा काही लिहिलं की डिफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, हे माझ्या भावाच्या कॉम्प्युटरवर बघितलेलं होतं. एक्सपी तसं करत नाही, तरी खबरदारी. पुन्हा 24 वर अडला.

तिसऱ्या दिवशी सेफ मोडमध्ये सुरू करून लावला. सेफ मोडमध्ये अगदी गरजेपुरतेच प्रोग्रॅम चालतात. आता तर व्हायलाच हवं, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगते मैत्रिणींनो, तोपर्यंत कॉम्प्युटर जलद होण्याशी माझा संबंध उरला नव्हता. हाती घेतलेलं काम अर्धं राहिलं, याचीच चीड होती. माझा हा स्वभाव घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

24 टक्के. आणि आता आतून आवाज येऊ लागला. टक... टक... टक... मग थोडं थांबून पुन्हा टक... टक.

आण्णा बाहेर झोपाळ्यावर बसले होते. ते आत आले, टेबलाशी उभे राहिले, कान देऊन ऐकलं. म्हणाले, "पोरी, याला कसला तरी त्रास होतोय."

मी म्हटलं, "आण्णा, आजच्या दिवस होऊ दे. एकदा पूर्ण झालं की पळायला लागेल बघा."

ते म्हणाले, "बैल चढावर बसला तर त्याला मारून उठवत नाहीत. आधी जू सोडतात, गाडी हलकी करतात. मग बघतात, पायाला काय झालंय ते."

मी डिफ्रॅग थांबवला आणि सांगलीला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला फोन लावला. त्यानं एकच गोष्ट बघायला सांगितली. कंट्रोल पॅनेल, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, त्यात इव्हेंट व्ह्यूअर, त्यात 'सिस्टिम'. उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. लाल फुल्यांची रांग. प्रत्येकीत तेच, हार्ड डिस्कवर खराब ब्लॉक आहे. तारखा बघितल्या तर दोन-अडीच महिन्यांपासूनच्या. म्हणजे डिस्क रोज सांगत होती. कुठं सांगते तेच मला माहीत नव्हतं, आणि जिथं माहीत होतं तिथं मी बटण दाबून तिला गप्प करत होते.

तो म्हणाला, "वहिनी, डिस्क आजारी आहे. डिफ्रॅग म्हणजे सगळ्या डिस्कभर वाचणं आणि लिहिणं. आजारी डिस्कला याच्याइतका वाईट व्यायाम नाही. आता काही दुरुस्त करू नका. आधी फाइली काढा. जे गेलं तर परत मिळणार नाही, ते पहिलं."

जे गेलं तर परत मिळणार नाही. गाणी पुन्हा मिळाली असती, विंडोज पुन्हा टाकता आलं असतं. मी आण्णांकडे बघितलं. त्यांनी 'आक्का' असं म्हटलंसुद्धा नाही, नुसती खुर्ची ओढून शेजारी बसले.

चार जीबीचा पेनड्राइव्ह होता. पूर्ण फोल्डर उचलून टाकायला गेले तर मधेच अडलं आणि सगळंच थांबलं. एक्सपीमध्ये एक फाइल वाचता आली नाही की उरलेलीही तिथंच राहतात. मग एकेक फाइल घेतली. भाजणी आली. सांडगे आले. लाडू आले. 'ओव्या' नावाची फाइल आली नाही. पडद्यावर चौकट उमटली, कॉपी करता येत नाही, सायक्लिक रिडंडन्सी चेकची चूक. म्हणजे डिस्कवर लिहिलेलं आणि तिनं वाचलेलं जुळत नाही.

आण्णांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाकीचं घे. ते मग बघू."

रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं बसलो होतो. आण्णांचं लिखाण, फोटो, घरखर्चाचे हिशेब. शेवटी त्यांचा मराठी फाँटही घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवा. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी आतून इंग्रजी अक्षरांतच साठवलेलं असतं. तो फाँट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल तर फाइल उघडते, पण वाचता येत नाही, नुसती चिन्हं दिसतात. फाइल वाचवली आणि फाँट विसरलात, तर पेटी वाचवून किल्ली हरवल्यासारखं होईल.

दुसऱ्या दिवशी डिस्क सांगलीला नेली. त्या मुलानं ती त्याच्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क म्हणून जोडली, म्हणजे तिच्यावर विंडोज चालवायचा भार उरला नाही. मग पुन्हा पुन्हा वाचून जेवढं येईल तेवढं उचलणारा एक प्रोग्रॅम लावून ठेवला. दोन दिवसांनी त्यानं ओव्यांची फाइल दिली, पण ती वर्डमध्ये उघडेना. मग वर्डच्या 'ओपन' खिडकीत फाइलचा प्रकार निवडतात तिथं 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' असा पर्याय आहे, तो निवडून उघडली. पडदाभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. सगळं निवडून आण्णांचा फाँट दिला, आणि त्या कचऱ्यातून आक्का बोलायला लागल्या.

37 पर्यंत सगळ्या ओव्या होत्या. मग चौकोन आणि ठिपके. मग एकदम 43 पासून पुढे शेवटपर्यंत. मधल्या पाच गेल्या होत्या.

आण्णा त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांना त्यातली एक आठवली. आक्कांच्या बहिणीला फोन केला, त्या फोनवरच गायला लागल्या, त्यातून दोन मिळाल्या. उरलेल्या दोन मिळाल्या नाहीत. त्या ओव्या फक्त आक्कांना येत होत्या आणि त्यांच्यानंतर त्या डिस्कवर होत्या.

त्या मी घालवल्या का? मुलगा म्हणतो, नाही, डिस्क आधीपासूनच बिघडत होती. दुरुस्त करणारा म्हणाला, सांगता येत नाही. तीन दिवस मी ती डिस्क पळवली नसती तर कदाचित ती जागा वाचली असती, कदाचित नसती. मी या 'कदाचित'शी भांडणं आता सोडून दिलं आहे. पण विसरलेले नाही.

नवी डिस्क बसवली, रॅम वाढवली. पुढे कळलं की आमचा निम्मा मंदपणा रॅमचाच होता. ती कमी पडली की कॉम्प्युटर हार्ड डिस्कवरच टेकू घेतो आणि रखडतो. फाइली कितीही नीट लावल्या तरी तो मंदपणा गेला नसता. नव्या डिस्कवर पुढे एकदा डिफ्रॅग चालवला, तो दुपारच्या चहाच्या आत संपला. लाल रेघा निळ्या होताना आण्णा बघत होते. म्हणाले, "छान दिसतंय. पण पेनड्राइव्ह कुठं ठेवलास?"

तर मैत्रिणींनो, घरी अजून असा जुना कॉम्प्युटर असेल आणि डिफ्रॅग अडत असेल, तर माझं ऐका.

सगळ्यात आधी मोलाच्या फाइली दोन ठिकाणी काढा. मोकळी जागा, चेकडिस्क, सेफ मोड हे सगळं त्याच्या नंतर.

मग जागा बघा, 15 टक्के आहे का. तपासणी राहिली असेल तर होऊ द्या. स्क्रीनसेव्हर आणि अँटिव्हायरस तेवढ्या वेळापुरते बंद करा. काही फाइली हिरव्याच राहिल्या तर घाबरू नका, त्यात विंडोजच्या वापरातली पेजफाइल असते, ती हा प्रोग्रॅम हलवत नाही. भरलेल्या डिस्कला कित्येक तास लागू शकतात, म्हणून नुसतं सावकाश चाललंय याचा अर्थ बिघाड असा नाही. पण दर वेळी त्याच आकड्यावर अडत असेल, आतून टकटक येत असेल, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल फुल्या असतील, तर तो डिफ्रॅगचा प्रश्न नाही. डिस्क बदलायची वेळ झाली आहे. खराब जागा शोधणारी चेकडिस्कची मोठी तपासणी असते, स्लॅश आर लावून करतात ती. तीही फाइली बाहेर काढल्याशिवाय लावू नका, कारण तीही डिस्कला कानाकोपऱ्यापर्यंत पळवते.

आणि कॉम्प्युटर नवा असेल, त्यात एसएसडी असेल, तर डिफ्रॅगच्या वाटेला जाऊच नका. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, सरकणारी सुई नाही, तुकडे गोळा करायच्या फेऱ्याच नाहीत. उगीच लिहित राहिल्यानं तिचं आयुष्य मात्र झिजतं. नवं विंडोज तिची काळजी वेगळ्या पद्धतीनं आपलं आपण घेतं.

आक्कांच्या ओव्या आम्ही नंतर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केल्या आणि नातेवाइकांसाठी छापून घेतल्या. मुद्रितं तपासताना मी आण्णांना विचारलं, क्रमांक सलग करून टाकू का? 60 ओव्या, कुणाला काही कळणार नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तिनं 62 सांगितल्या होत्या." म्हणून पुस्तिकेत 40 आणि 41 हे आकडे आहेत आणि त्यांच्यापुढे कोरी जागा आहे. घरी येणारी एखादी म्हातारी पाहुणी ती पुस्तिका चाळते तेव्हा मी अजून थोडी आशा धरून बघत असते.

मावसबहिणीचा रात्री उशिरा पुन्हा फोन आला. तीन फोटो उघडले नाहीत, बाकीचे सगळे आले. पेनड्राइव्हवर आहेत आणि भावाच्या लॅपटॉपवरही टाकलेत म्हणाली. मग विचारलं, "ताई, आता डिफ्रॅग लावू का?"

मी म्हटलं, "नको गं. आता झोप."